सुरंगी लावली, पण उंडी उगवली: चुकीची ओळख, न येणारी फुले आणि न धरणारी फळे

सुरंगी म्हणून लावलेल्या आमच्या झाडाला आठव्या वर्षी पहिल्यांदा फुले आली, तेव्हा ती पानांच्या बेचक्यांतून लांब देठांच्या झुबक्यांनी लोंबत होती, आणि तेवढ्यावरूनच ते झाड उंडीचे आहे हे स्पष्ट झाले. ज्या रोपवाटिकेतून रोप आणले होते तिथल्या माणसांनी जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही. त्यांना कोणीतरी बिया आणून दिल्या, बियांबरोबर नाव आले आणि तेच नाव पिशवीवर लागले. रोप हातात घेताना मी पाने पाहिली होती, पण काय पाहायचे असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आठ वर्षे गेली ती त्या एका अज्ञानापायी.

त्यानंतर हाच अनुभव इतक्या जणांकडून ऐकला, की त्याची कारणे नीट मांडून ठेवावीत असे वाटले. तक्रारीचे प्रकार तीन आहेत. झाड मोठे होते आणि सुरंगी नसून दुसरेच काहीतरी असल्याचे कळते. झाड सुरंगीचेच असते, पण फुलत नाही. किंवा झाड फुलते, अंगणभर वास सुटतो, पण एकही फळ धरत नाही. पहिली तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि वर्षे वाया घालवणारीही तीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

नावाचा घोळ कुठे होतो

सुरंगी हे पश्चिम घाटाचे आणि कोकणपट्टीचे स्वतःचे झाड आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव मॅमिया सुरिगा असे आहे, तर जुन्या ग्रंथांत ते ऑक्रोकार्पस लाँगिफोलियस या नावाने सापडते. ‘सुरिगा’ हा शब्द आपल्याकडच्या नावावरूनच घेतलेला आहे. विशेष म्हणजे या झाडाचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते कॅलोफायलम, म्हणजे उंडीच्याच, प्रजातीत. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही सुरंगीला आधी उंडीच्या घरात बसवले, मग रोपवाटिकेतल्या माणसाने उंडीच सुरंगी समजून विकली तर त्याला फार दोष देता येत नाही. सुरंगी, उंडी आणि नागकेशर ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. तिघांची पाने समोरासमोर येतात, जाड आणि चकचकीत असतात, तिघांच्या फुलांत पांढऱ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ असतो, आणि तिघांच्या फुलांना सुवास असतो.

या सारखेपणावर बाजाराने आणखी एक थर चढवला आहे. आयुर्वेदातले नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या झाडाच्या फुलांतले पुंकेसर होत. परंतु काष्ठौषधींच्या दुकानात नागकेशर मागितले तर पुष्कळदा सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या मिळतात, आणि त्यांना तांबडे नागकेशर म्हणतात. काळे नागकेशर म्हणून जे मिळते ते बहुधा दालचिनीच्या जातभाईंची कोवळी, वाळलेली फळे असतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कैलासपतीला कोणी नागचाफा म्हणतात, कोणी नागलिंग म्हणतात आणि कोणी सरळ नागकेशरच म्हणतात. त्यामुळे ‘नागकेशराचे रोप हवे’ एवढेच सांगून शोध घेणाऱ्याला चार निरनिराळी झाडे मिळू शकतात, आणि देणारा प्रत्येक जण आपापल्या परीने खरे बोलत असतो.

याच घोळातून आणखी एक चूक होते आणि ती मी दोन ठिकाणी स्वतः पाहिली आहे. दुकानातून आणलेले तांबडे नागकेशर कुंडीत पेरून लोक कोंब येण्याची वाट पाहतात. त्या कळ्या असतात आणि कळीत बी नसते, त्यामुळे कितीही पाणी घातले तरी त्यातून काही उगवणार नाही.

पानावरून ओळख

फुलांची वाट न पाहता रोप ओळखता येते, आणि त्यासाठी लागणारी साधने म्हणजे आपले डोळे आणि सकाळचे ऊन. मात्र अगदी कोवळ्या रोपाची पहिली दोन पाने पाहून निर्णय घेऊ नये. किमान चौथी-पाचवी जोडी आलेली असावी आणि त्यातले पूर्ण तयार झालेले, गडद रंगाचे पान पाहावे.

प्रथम पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक आहेत हे पाहावे. एकाआड एक असतील आणि फांदीच्या टोकाशी दाटीने आलेली असतील तर ते कैलासपती असण्याचा संभव मोठा आहे. सुरंगी, उंडी आणि नागकेशर यांपैकी ते काहीही नाही, हे तर नक्कीच. पाने समोरासमोर असतील तर पुढची परीक्षा करावी.

एक पान देठापाशी धरून सूर्याकडे उचलावे आणि त्याच्या आरपार पाहावे. उंडीचे पान असेल तर मधल्या शिरेपासून कडेपर्यंत जवळजवळ काटकोनात गेलेल्या, एकमेकींना अगदी चिकटून असलेल्या असंख्य बारीक समांतर रेषा दिसतील. बारीक दातांची फणी पानावर दाबून ठसा उमटवावा तशा त्या दिसतात. ही खूण इतकी ठळक आहे की एकदा पाहिल्यावर उंडी कधीही चुकत नाही. उंडीच्या पानाचे टोक गोलसर असते आणि पुष्कळदा टोकाशी लहानशी खाच असते.

सुरंगीच्या पानात अशा समांतर रेषा नसतात. तिथे बारीक जाळी दिसते. बाजूच्या शिरा एकमेकींना मिळत जातात आणि त्यांच्यामध्ये लहान लहान घरे तयार होतात, एखादे नाजूक जाळे पानाच्या पोटात विणून ठेवावे तशी. पान वाळले की ही जाळी दोन्ही बाजूंनी अधिकच उठून येते, म्हणून शंका असेल तर झाडाखालचे एक गळलेले पान उचलून तपासावे. सुरंगीचे पान साधारण वीतभर लांब आणि तीन-चार बोटे रुंद असते, चामड्यासारखे जाड असते, आणि त्याचा देठ आखूड व मजबूत असतो.

नागकेशराचे पान या दोघांहून अरुंद आणि टोकदार असते. ते उलटे करून पाहावे. खालच्या बाजूला पांढुरकी, मेणासारखी झाक असते आणि अंगठ्याने घासल्यास ती पुष्कळदा निघून येते. नवी पालवी फुटते तेव्हा ती गुलाबी-तांबड्या रंगाची असते आणि खाली लोंबते. पालवीच्या दिवसांत नागकेशराचे झाड पाहिले तर ते फुलांपेक्षाही पानांनीच सुंदर दिसते, असे माझे मत आहे. श्रीलंकेने १९८६ साली हे झाड राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केले. शास्त्रीय नावातला ‘फेरिया’ हा शब्द लोखंडावरून आला आहे, आणि त्याचे लाकूड खरोखरच तेवढे कठीण असते.

रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, रोपही कधी कधी सुरंगी म्हणून हाती येते, कारण त्याचीही पाने समोरासमोर आणि चकचकीत असतात. रोप कोकमाचेच आहे अशी शंका असेल तर कोवळ्या पानाचा लहानसा तुकडा दाताखाली धरावा. कोकमाचे पान आंबट लागते. ही चव अन्य झाडांच्या पानांवर मात्र करून पाहू नये, विशेषतः पान तोडल्यावर चीक येत असेल तर.

एवढे करूनही खात्री पटत नसेल तर पाने, आणि शक्य असेल तेव्हा फुले असलेली, हातभर लांबीची डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. सोबत झाड कुठे आहे, किती उंच आहे, चीक कोणत्या रंगाचा आला आणि फुलांचा रंग व वास कसा होता याची टीप लिहावी, कारण वाळलेल्या नमुन्यात रंग आणि वास राहत नाहीत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे पश्चिम क्षेत्रीय कार्यालय आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह असतात. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापकही असा नमुना पाहून साहाय्य करू शकतात. भ्रमणध्वनीवरची छायाचित्रे पाठवायची असतील तर नुसत्या झाडाचे छायाचित्र कामाचे नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, उजेडासमोर धरलेले पान आणि पानाशेजारी ठेवलेली मोजपट्टी एवढे त्यात आले पाहिजे.

झाड सुरंगीचे आहे, पण फुलत नाही

या तक्रारीवर पहिला प्रश्न असा विचारावा, की फुले पाहिली कुठे. सुरंगीची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत. पानांच्या मागे, फांदीचा जो जुना, पाने गळून गेलेला उघडा भाग असतो तिथे, लाकडालाच चिकटून गोल कळ्यांचे घोस येतात. खालून पाहणाऱ्याला वरचा दाट पर्णसंभार तेवढा दिसतो आणि झाड मुके आहे असे वाटते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या काळात फांद्यांच्या आत डोकावून पाहावे, आणि त्याहून सोपे म्हणजे सकाळी झाडाखाली उभे राहून मधमाश्यांचा आवाज येतो का हे ऐकावे.

याच कारणामुळे छाटणी घातक ठरते. झाड नीटनेटके दिसावे म्हणून माळी आतल्या उघड्या फांद्या काढून टाकतात, आणि वास्तविक फुले नेमकी त्याच लाकडावर यायची असतात. वाळलेल्या आणि रोगट फांद्यांखेरीज सुरंगीला कात्री लावू नये.

बाकीची कारणे वयाची, उन्हाची आणि मातीची आहेत. बियांपासून केलेले झाड फुलायला बराच काळ घेते. माझ्या पाहण्यात दहा वर्षांच्या आत फुललेले बियांचे झाड आलेले नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे तर रोप जागचे हलतच नाही असे वाटते. तेव्हा घाबरून खतांचा मारा करू नये, कारण नत्र जास्त झाले तर पाने भरपूर येतील आणि फुलोरा आणखी लांबेल. रोपाला लहानपणी अर्धी सावली मानवते, परंतु वाढलेल्या झाडाला ऊन हवेच. इमारतीच्या सावलीत किंवा आंब्याच्या छत्रीखाली वाढलेली सुरंगी पानांतच रमते.

देशावर ही झाडे लावणाऱ्यांना मातीचा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते. सुरंगी कोकणातल्या जांभ्या दगडाच्या, निचऱ्याच्या, आम्लधर्मी जमिनीत वाढलेली आहे. पुणे-सोलापूरकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, त्यातही कूपनलिकेच्या जड पाण्यावर, तिला जमिनीतले लोह उचलता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण दिसली तर शेणखत वाढवून भागत नाही. मोठा खड्डा घेऊन त्यात जांभ्याची माती आणि पालापाचोळ्याचे खत भरावे, बुंध्याभोवती वर्षभर पाल्याचे आच्छादन ठेवावे, आणि शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. तात्पुरता उपाय म्हणून हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) अर्धा टक्का द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारता येते. मात्र खड्ड्यातली माती सुधारली नाही तर पिवळेपणा पुन्हा येतो.

फुले भरपूर, फळ एकही नाही

सुरंगीची काही झाडे केवळ नर असतात. त्यांच्या फुलांत पुंकेसरांखेरीज काही नसते, आणि अशा झाडाला फळ कधीही धरणार नाही. दुसऱ्या झाडांवर पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही असलेली फुले येतात आणि फळे त्यांनाच लागतात. ओळख पटवण्यासाठी एक पूर्ण उमललेले फूल तळहातावर घ्यावे आणि नखाने पिवळे पुंकेसर हळूहळू बाजूला करत मध्यापर्यंत जावे. तिथे हिरवट, फुगीर अंडाशय दिसला तर झाड फळणारे आहे. पुंकेसर काढता काढता हाती काहीच उरले नाही तर झाड नर आहे. एकाच फुलावर विसंबू नये, निरनिराळ्या फांद्यांवरची दहा-बारा फुले पाहावीत.

फळ हवे असणाऱ्यांना मी आग्रहाने सांगतो की ही तपासणी करावी, कारण सुरंगीच्या फळाकडे विनाकारण दुर्लक्ष झाले आहे. ते जवळपास इंचभर लांबीचे, टोकाशी चोच असलेले असते, आणि बीभोवतीचा गर गोड व सुवासिक असतो. वेस्ट इंडीजमध्ये याच प्रजातीतले मॅमी हे फळ लोक आवडीने खातात. आपल्याकडे मात्र सुरंगी म्हटले की गजऱ्यापुढे कोणाची नजर जात नाही.

बियांचे एकच रोप लावले तर ते नर निघाले की सगळा कारभार थांबतो. म्हणून जागा असेल तर पाच-सहा रोपे लावावीत. जागा नसेल तर खात्रीने फळणाऱ्या झाडाच्या डोळकाडीचे, म्हणजे कलमासाठी कापून घेतलेल्या काडीचे, कलम मिळते का हे पाहावे, आणि ज्या झाडाची डोळकाडी घेतली ते झाड फळे असताना स्वतः पाहून यावे. कोकमातही नर-मादीचा हाच प्रश्न आहे आणि तिथे कलमांनी तो चांगला सुटला आहे. मात्र आडव्या वाढणाऱ्या फांदीची काडी वापरली तर कोकमाचे कलम आडवेच पसरत जाते, म्हणून तिथे सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच काडी घेतात. सुरंगीचे कलम विकत घेतानाही काडी कोणत्या फांदीची होती हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

खात्रीचे झाड कसे शोधावे

रोपाऐवजी आधी झाड शोधावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. वेंगुर्ले, सावंतवाडी आणि गोव्याच्या बाजारात मार्चच्या सुमारास सुरंगीचे गजरे आणि वळेसार विकायला येतात. गजरा विकत घ्यावा आणि विकणाऱ्या बाईंना कळे कोणाच्या परसातले आहेत हे आदराने विचारावे. माझा स्वतःचा शोध असाच सुरू झाला आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत, जांभ्या दगडाच्या गडग्यामागे उभ्या असलेल्या एका जुन्या झाडाशी जाऊन थांबला. कळे फुटण्याआधी काढावे लागतात, त्यामुळे घरातली माणसे उजाडण्यापूर्वीच कामाला लागली होती. एक जण वर चढून फांद्यांवरचे घोस उतरवत होता, खाली जुन्या चादरी अंथरल्या होत्या, आणि मुले बाहेर पडलेले तांबूस गोल कळे वेचून सुपात टाकत होती. ओटीवर सूप आणून ठेवल्यावर ऊन चढेपर्यंत सगळे घर त्या वासाने भरून गेले. त्या गजऱ्यातली फुले वाळली तरी वास जात नाही. मी आणलेला गजरा कपाटात ठेवला होता आणि पावसाळ्यातही कपाट उघडले की तो जाणवत असे.

झाड सापडले की त्याच फेरीत फुले तपासून घ्यावीत, मालकांची परवानगी घ्यावी आणि फळे पिकण्याच्या वेळी पुन्हा यावे. देवराईतल्या झाडाची फळे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय उचलू नयेत. पुष्कळ ठिकाणी देवराईतले पानही बाहेर नेत नाहीत आणि तो नियम पाळलाच पाहिजे. बी सुकवून डब्यात भरून ठेवण्याची सवय इथे उपयोगाची नाही. ताजे बी गर काढून धुवावे, सावलीत निथळू द्यावे आणि आठवड्याच्या आत पेरावे. पिशवी उंच घ्यावी, कारण सोटमूळ लवकर खोल जाते आणि उथळ पिशवीत तळाशी वेटोळे घालून बसते. कोंब यायला महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात, म्हणून पिशव्या उकरून पाहू नयेत आणि त्यांवर उंदरांपासून रक्षणासाठी जाळी घालावी. प्रत्येक पिशवीत झाडाचे ठिकाण आणि पेरणीची तारीख पेन्सिलीने लिहिलेली पट्टी खोचावी. शाईचे अक्षर पहिल्याच पावसात पुसले जाते.

ज्यांच्याकडे उंडी निघाली त्यांनी ती तोडू नये. तिचीही फुले सुंदर आणि सुवासिक असतात, तिच्या बियांच्या तेलावर कोकणात पूर्वी दिवे जळत, आणि समुद्राचा खारा वारा सोसणारी तिच्यासारखी झाडे थोडीच आहेत. आमची उंडी जागच्या जागी आहे. तिच्यापासून वीस फुटांवर, वेंगुर्ल्याच्या त्या झाडाच्या फळांतून आलेली पाच रोपे उभी आहेत आणि पाचांच्याही पानांतली जाळी मी उन्हात धरून पाहिली आहे.